कवटीला छिद्र न पाडता : मेंदूवरील दाब ओळखण्याच्या पद्धतींचा इतिहास आणि सातारा-सांगलीचा परिसर

प्रास्ताविक

डोक्याला जबर मार लागलेला माणूस पुष्कळदा मार लागल्याच्या क्षणी दगावत नाही. तो नंतरच्या काही तासांत दगावतो. सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत अशा मृत्यूची हकिकत जवळजवळ ठरलेल्या शब्दांत सांगितली जाते : पडला, उठून बसला, चहा प्यायला, चालत घरी आला, डोकं दुखतंय म्हणून झोपला आणि पहाटे उठलाच नाही. बाहेर रक्त दिसले नाही, म्हणून या माराला 'मुका मार' म्हणतात. हा शब्द वैद्यकीय पाठ्यपुस्तकात नसला तरी अचूक आहे. कवटीच्या आत जे घडत असते त्याला बाहेर बोलण्याची सोय नसते.

त्या मुक्या माराला बोलते करण्यासाठी, म्हणजे कवटी न उघडता आतला दाब ओळखण्यासाठी, माणसाने कोणकोणत्या युक्त्या योजल्या, याचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा इतिहास मुख्यतः युरोपात घडला. तथापि त्याची खरी कसोटी मोठ्या शहरांतील अतिदक्षता विभागात लागत नाही. जेथे मेंदूचा शल्यचिकित्सक शंभर किलोमीटरवर आहे आणि ऊसाचा हंगाम ऐन भरात आहे, अशा परिसरात ती लागते. म्हणून प्रस्तुत लेखकाने सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे विचारासाठी घेतले आहेत. हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास ऐतिहासिक आधारही आहे. संस्थाने विलीन झाल्यानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण करण्यात आला आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली झाले. रस्ते, नद्या, साखर कारखाने आणि रुग्णांचा ओघ या दृष्टीने हा प्रदेश आजही बऱ्याच अंशी एकच आहे.

बंद पेटीची कल्पना

एडिंबरा येथील शरीररचनाशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो (दुसरे) यांनी १७८३ मध्ये असे मांडले की, प्रौढ माणसाची कवटी ही ताठ पेटी आहे, आतला मेंदू दाबून लहान होत नाही आणि म्हणून आतील रक्ताचे प्रमाण जवळपास स्थिर राहिले पाहिजे. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये या विधानाला शवविच्छेदनाचा आधार दिला. केली यांच्या निबंधाचा आरंभ मोठा विलक्षण आहे. नोव्हेंबर १८२१ मधील एका वादळी रात्रीनंतर लीथ बंदराच्या परिसरात दोन मृतदेह सापडले. त्यांच्या मेंदूतील रक्ताची स्थिती पाहताना केली यांना जो प्रश्न पडला, त्यातून पुढे 'मन्रो-केली सिद्धांत' म्हणून ओळखली जाणारी मांडणी सिद्ध झाली. मस्तिष्क-मेरुद्रवाचा हिशेब तिच्यात नंतर मिळवला गेला.

हा सिद्धांत साध्या भाषेत असा. पेटीत तीन गोष्टी आहेत : मेंदू, रक्त आणि मस्तिष्क-मेरुद्रव. यांपैकी मेंदूच सुमारे ऐंशी टक्के जागा व्यापतो. मार लागून आत रक्ताची गाठ झाली किंवा मेंदूला सूज आली, तर आधी द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो, शिरांतील रक्त बाहेर ढकलले जाते आणि वाढलेल्या घनफळाला जागा करून दिली जाते. या काळात दाब फारसा वाढत नाही. चहा प्यायला, चालत घरी आला, तो हाच काळ. ही सोय संपली की परिस्थिती एकदम पालटते. मग आत चमचाभर रक्त वाढले तरी दाब झपाट्याने चढतो, मेंदूला रक्त पोचेनासे होते आणि मेंदूचा भाग कवटीच्या आतील पडद्यांच्या कडांवर दाबला जाऊ लागतो. प्रौढ व्यक्तीत हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटर इतका असतो. अमेरिकेतील ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो २२ च्या वर गेल्यास उपचार करावेत. हा आकडा आधी २० होता. दोन मिलिमीटरच्या या फरकावर जगभर बराच खल झाला. ज्या रुग्णालयात मुळात दाब मोजण्याचे साधनच नाही, तेथे मात्र हा वाद ऐकिवातलाच राहतो.

टाळू, बाहुली आणि नाडी

वैद्यकाच्या इतिहासावरील आपल्याकडील लेखांची सुरुवात सुश्रुतापासून करण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकाला हा प्रघात सरसकट मान्य नाही. सुश्रुतसंहितेत दाबाची कल्पना शोधणे म्हणजे आजचे उत्तर कालच्या तोंडी घालणे होय. मात्र एक निरीक्षण नोंदवण्याजोगे आहे. सुश्रुताने सांगितलेल्या १०७ मर्मांपैकी ३७ मानेच्या वर आहेत. त्यांत कानशिलांच्या वरची दोन 'उत्क्षेप' मर्मे आणि भुवयांच्या मधले 'स्थपनी' या तिघांना 'विशल्यघ्न' म्हटले आहे. येथे घुसलेले शल्य जागेवर असेपर्यंत माणूस जगतो आणि ते उपसून काढले की मरतो, असे त्याचे म्हणणे. कारणमीमांसा वायूची आहे, ती आज कोणी स्वीकारणार नाही. परंतु डोक्याच्या जखमेत हात घालण्यापेक्षा थांबून पाहणे कधी कधी शहाणपणाचे असते, हे निरीक्षण रणांगणावरील अनुभवातून आलेले दिसते.

ग्रंथांपेक्षाही जुनी आणि घरोघरची एक पद्धत आपल्याकडे आहे आणि तिची नोंद वैद्यकाच्या इतिहासकारांनी सहसा घेतलेली नाही. ती म्हणजे तान्ह्या मुलाची टाळू. साधारण दीड वर्षाचे होईपर्यंत मुलाच्या कवटीची हाडे माथ्यावर जुळलेली नसतात. तेथील मऊ जागेखाली मेंदूची हालचाल बोटाला जाणवते. आपल्याकडे न्हाऊ घालणाऱ्या बाईने टाळूवर तेल घालताना ती रोज बोटाने चाचपावी, हा रिवाज होता आणि पुष्कळ घरांत अजून आहे. जुलाब-वांतीने मूल सुकले की टाळू खोल जाते आणि मेंदूज्वरात ती तटतटून फुगते, हे आजीला ठाऊक असते. आधुनिक भाषेत सांगायचे तर, रोज ठराविक वेळी, त्याच व्यक्तीने, त्याच बोटांनी घेतलेले हे कवटीतील दाबाचे अनाक्रमक निरीक्षण होय. टाळू भरून आली की ही खिडकी बंद होते. त्यानंतरचा सारा इतिहास दुसऱ्या खिडक्यांच्या शोधाचा आहे.

त्यांपैकी पहिली मोठी खिडकी डोळ्यात सापडली. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक तयार केला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच पाहता आला. अल्ब्रेख्ट फॉन ग्रेफ यांनी १८६० मध्ये दाखवून दिले की, मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांच्या डोळ्यातील दृक्-चेतातंतूची चकती सुजलेली दिसते. नेत्रवैद्याने डोळ्यात पाहून मेंदूविषयी बोलावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. या खुणेची अडचण एवढीच की सूज दिसू लागण्यास वेळ लागतो. अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांत चकती बहुधा नितळच असते. गाठीच्या रुग्णाला उपयोगी पडणारी खूण अपघातग्रस्ताला दगा देते.

त्याच्या उपयोगी पडते ती डोळ्याची बाहुली. दाबाने सरकलेला मेंदूचा भाग बाहुली आकुंचित करणाऱ्या चेतातंतूवर दाबला जातो आणि बहुधा माराच्याच बाजूची बाहुली मोठी होऊन उजेडाला दाद देईनाशी होते. इंग्रज शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांचे नाव या खुणेशी जोडलेले आहे. तिला लागते फक्त एक विजेरी आणि दर पंधरा मिनिटांनी ती डोळ्यावर धरणारा हात.

तिसरी खूण नाडीची आणि रक्तदाबाची. हार्वी कुशिंग हे अमेरिकन तरुण डॉक्टर १९००-०१ मध्ये युरोपात आले होते. बर्न येथे कोखर यांच्याकडे काम करताना त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, कवटीतील दाब वाढू लागला की शरीर रक्तदाब वाढवून मेंदूला रक्त पोचवण्याची धडपड करते. रक्तदाब चढतो, नाडी मंदावते, श्वास अनियमित होतो. याच प्रवासात कुशिंग यांनी इटलीतील पाव्हिया येथे रिव्हा-रोची यांचा १८९६ मधील दाबपट्टा पाहिला आणि तो अमेरिकेत नेला. आज गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रात दंडाला बांधला जाणारा पट्टा त्याच कुळातला. मेंदूच्या शल्यचिकित्सेच्या या आद्य पुरुषाने रोज वापरायचे साधन म्हणून कवटी न भेदणारा हा पट्टा उचलला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मिरजेची परंपरा

सातारा-सांगलीच्या संदर्भात आधुनिक शल्यचिकित्सेचा विचार मिरजेपासून सुरू करावा लागतो. मूळचे कॅनडाचे विल्यम जेम्स वॉनलेस (१८६५-१९३३) हे प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले. आरंभी सांगलीत काम करून त्यांनी मिरजेत मुक्काम हलवला. मिरज संस्थानाच्या अधिपतींचे साहाय्य आणि अमेरिकेतील जॉन कॉन्व्हर्स यांची देणगी यांतून १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभे राहिले. १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने रुग्ण दूरदूरच्या मुलखातून गाडीने येत. १९२८ मध्ये वॉनलेस मायदेशी परतले. त्यांच्या नावाची वॉनलेसवाडी आजही सांगली-मिरज रस्त्यावर आहे. उत्तरेकडे वाईला अमेरिकन मराठी मिशनचे विलिस पिअर्स स्मारक रुग्णालय होते.

या रुग्णालयांचा लौकिक मोतीबिंदू, पोटाच्या शस्त्रक्रिया आणि क्षयरोगावरील उपचार यांसाठी होता. मेंदूची शल्यचिकित्सा ही स्वतंत्र शाखा भारतात यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. वेल्लोर येथे जेकब चंडी यांनी १९४९ मध्ये आणि मद्रास येथे बी. राममूर्ती यांनी १९५० मध्ये कामाला आरंभ केला. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी पायाभूत काम केले. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते १९६२ मध्ये, कराडला कृष्णा संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये, आणि साताऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२१-२२ हे वर्ष उजाडले. या तारखा एकापुढे एक मांडल्या की असे दिसते की, मिरजेने ज्या जिल्ह्याला एकोणिसाव्या शतकातच शल्यचिकित्सा दाखवली, त्याच्या शेजारच्या जिल्हा मुख्यालयाला वैद्यकीय महाविद्यालयासाठी सव्वाशे वर्षे थांबावे लागले.

मध्यंतरी या परिसरावर एक मोठा आघात झाला. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरात भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. माणसे झोपेत होती आणि घरे दगड-मातीची होती. अशा भूकंपात डोक्याला मार लागण्याचे प्रमाण मोठे असते, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. त्या वेळी जगात सीटी स्कॅन नव्हता. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिला रुग्ण तपासला गेला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनमध्ये. पाटण खोऱ्यात ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसाच्या कवटीत काय चालले आहे, हे कळण्यास डॉक्टरकडे बाहुली, नाडी, रक्तदाब आणि 'नाव काय तुझं?' हा प्रश्न, एवढीच साधने होती.

त्या प्रश्नालाच पुढे शास्त्राचे रूप आले. ग्लासगो येथील टीझडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये बेशुद्धीची मोजपट्टी प्रसिद्ध केली. डोळे केव्हा उघडतो, काय बोलतो आणि हातपाय कसे हलवतो, यांना गुण देऊन ३ ते १५ अशी बेरीज करायची. आठ किंवा त्याखाली गुण म्हणजे इजा गंभीर. ही मोजपट्टी परिचारिकेला वापरता यावी अशीच केलेली होती. कागद आणि पेन एवढ्यावर चालणारे आणि जगभर पसरलेले असे दुसरे वैद्यकीय साधन प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

छिद्र पाडून मोजण्याचे युग

दाब प्रत्यक्ष मोजण्याची वाट वेगळी होती. फ्रान्समध्ये गिलोम आणि जानी यांनी १९५१ मध्ये मेंदूतील पोकळीत नळी घालून दाबाची सतत नोंद घेतली. स्वीडनमधील लुंड येथे निल्स लुंडबर्ग यांनी १९६० मध्ये आपला सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की दाब स्थिर नसतो. तो लाटांनी येतो. काही लाटा पाच ते वीस मिनिटे टिकतात आणि पाऱ्याच्या ५० ते १०० मिलिमीटरपर्यंत चढून पुन्हा उतरतात. म्हणजे दोन निरीक्षणांच्या मधल्या काळात सर्वनाश घडून जाऊ शकतो आणि निरीक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. बाहुली-नाडीच्या पद्धतीवरील ही सर्वांत गंभीर टीका होय आणि ती आजही खोडून निघालेली नाही.

तेव्हापासून नळी हेच प्रमाण मानले गेले. परंतु तिच्यासाठी कवटीला छिद्र पाडावे लागते, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोका असतो, शल्यचिकित्सक लागतो आणि तिच्याकडे रात्रंदिवस लक्ष देणारी प्रशिक्षित माणसे लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणी यांतील प्रत्येक गोष्ट दुर्मीळ असते.

१९८९ मध्ये नवी दिल्ली आणि अमेरिकेतील शार्लट्सव्हिल या दोन केंद्रांतील डोक्याच्या दुखापतींची तुलना प्रसिद्ध झाली. एकूण मृत्युप्रमाण दिल्लीत ११ टक्के, तर शार्लट्सव्हिल येथे ७.२ टक्के होते. अतिगंभीर आणि अगदी सौम्य अशा दोन्ही टोकांपेक्षा मधल्या गटात हा फरक ठळक होता. या निष्कर्षाचा अर्थ आपल्याकडे पुरेसा घेतला गेला नाही, असे वाटते. जो रुग्ण अजून हात झटकतो आहे, पुटपुटतो आहे, म्हणजे ज्याची 'सोय' अजून संपलेली नाही, तोच वेळेत ओळखला न गेल्याने हातचा जातो. हाच तो चहा पिऊन झोपलेला माणूस.

दुसरा महत्त्वाचा अभ्यास २०१२ मध्ये आला. बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांतील ३२४ गंभीर रुग्णांपैकी काहींवर नळीने मोजलेल्या दाबानुसार, तर इतरांवर शारीरिक तपासणी आणि सीटी स्कॅन यांच्या आधारे उपचार करण्यात आले. सहा महिन्यांनंतरचे मृत्युप्रमाण अनुक्रमे ३९ आणि ४१ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. काहींनी यावरून नळीच निरर्थक ठरवली, तर काहींनी अभ्यासच लागू नाही असे म्हटले. दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. या अभ्यासातील दुसऱ्या गटावरही उपचार काटेकोर नियमांनी झाले होते, तपासण्या ठरलेल्या वेळी होत होत्या आणि अतिदक्षता विभाग उपलब्ध होता. नळी नसतानाही शिस्तबद्ध निरीक्षण असेल तर बरेच साधते, एवढेच त्यातून म्हणता येते. परंतु हे 'एवढेच' आपल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने लहान नाही.

ध्वनिलहरींची खिडकी आणि कायद्याचे कुलूप

१९८२ मध्ये रून ऑस्लिड यांनी कानशिलाजवळच्या पातळ हाडातून कमी वारंवारतेच्या ध्वनिलहरी पाठवून मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील रक्ताचा वेग मोजला. दाब वाढला की हृदयाच्या दोन ठोक्यांमधला प्रवाह खंगतो आणि लहरींचा आलेख टोकदार होतो. काही व्यक्तींत, विशेषतः वयस्क स्त्रियांत, ते हाड जाड असल्याने ही खिडकी उघडत नाही.

१९९० च्या दशकात ध्वनिलहरी पुन्हा डोळ्याकडे वळल्या. दृक्-चेतातंतू हा मेंदूचाच विस्तार असून त्याभोवतीच्या आवरणात तोच मस्तिष्क-मेरुद्रव खेळतो. कवटीत दाब वाढला की हे आवरण फुगते, तेही चकती सुजण्याच्या कितीतरी आधी. मिटलेल्या पापणीवर सोनोग्राफीची पट्टी ठेवून बुबुळगोलाच्या मागे ३ मिलिमीटर अंतरावर या आवरणाची रुंदी मोजतात. ती ५ ते ६ मिलिमीटरच्या पुढे गेली तर दाब वाढल्याची दाट शंका घेतात. आकडा मिळतो तो अंदाजाचा, आणि मोजणाऱ्याचा हात तयार असावा लागतो. तरीही फॉन ग्रेफ यांना जी खूण उशिरा दिसे, ती येथे काही मिनिटांत दिसते. यंत्र लहान असते आणि खर्चही फारसा नसतो. सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांसाठी याहून सोयीची पद्धत आज तरी दिसत नाही.

आणि येथेच आपल्या परिसराचा स्वतःचा इतिहास आडवा येतो. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ होती. सधन, सिंचित आणि सुशिक्षित म्हणून मिरवणाऱ्या पश्चिम महाराष्ट्राचे हे आकडे आहेत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारी उपकरणे जोडण्याचा प्रयोग झाला. २०१२ च्या नियमांनी हातात नेता येणाऱ्या यंत्रावर मर्यादा घातल्या. असे यंत्र नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात आंतररुग्णांसाठी किंवा अनेक सेवा देणाऱ्या फिरत्या आरोग्य पथकातच वापरता येते. एवढे होऊनही २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे ओढ्यालगत पुरलेली १९ अर्भके सापडली. वॉनलेसच्याच तालुक्यात हे घडले.

परिणाम असा की, जे यंत्र बेशुद्ध माणसाच्या पापणीवर ठेवून त्याचा जीव वाचवण्यास मदत करू शकते, ते घटनास्थळी किंवा लहान दवाखान्यात सहज नेता येत नाही. यासाठी कायद्याला दोष देणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. कायदा आला तो समाजाच्या वर्तनामुळे, आणि म्हैसाळ पाहता तो सैल करावा असे कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. परंतु एका अपराधाची किंमत दुसऱ्याच कोणीतरी, रात्री महामार्गावर पडलेल्या माणसाने, मोजावी लागते, हेही खरे. पोटाच्या तपासणीस निरुपयोगी असे केवळ डोळ्यासाठीचे यंत्र वेगळ्या वर्गात ठेवता येईल काय, याचा विचार वैद्यक आणि विधी या दोन्ही शाखांच्या प्राध्यापकांनी मिळून करावा असा हा विषय आहे.

दरम्यान ब्राझीलमध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाने मन्रो यांच्या ताठ पेटीलाच प्रश्न विचारला. सर्जिओ मास्कारेन्यास (१९२८-२०२१) यांना उतारवयात चालण्याचा त्रास होऊ लागला. तो आधी कंपवात समजला गेला आणि नंतर मेंदूत द्रव साचल्याचे निष्पन्न झाले. स्वतःवरील उपचारांत कवटीला छिद्र पाडावे लागल्यावर त्यांनी विना-छिद्र मापनाचा ध्यास घेतला. दाब बदलला की प्रौढ कवटीही अत्यंत सूक्ष्म प्रमाणात प्रसरण पावते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. डोक्याला बांधलेल्या पट्ट्यातील संवेदक ही हालचाल टिपतो. त्यातून दाबाच्या लाटेचा आकार कळतो, नेमका आकडा मात्र मिळत नाही. सुमारे सव्वादोनशे वर्षे ताठ मानली गेलेली पेटी थोडीशी श्वास घेते, असे निघाले. भरून आलेल्या टाळूखाली आजीचे बोट जे शोधत होते, त्याच्या जवळपास विज्ञान पुन्हा येऊन पोचले आहे.

रस्ता, हंगाम आणि साधनांचा प्रश्न

पुणे-बेंगळुरू महामार्ग सातारा जिल्ह्यातून खंबाटकी घाट, सातारा, कराड असा जातो आणि सांगलीच्या पश्चिम भागाला स्पर्श करून कोल्हापूरकडे निघतो. सुवर्ण चतुष्कोन योजनेत त्याचे चौपदरीकरण झाल्यावर वेग वाढला. याच रस्त्याला येऊन मिळणाऱ्या गावरस्त्यांवर गळीत हंगामात ऊसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात, पुष्कळदा मागे दिवा अथवा परावर्तक नसताना. दुचाकीस्वाराला त्या अंधारात दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. हेल्मेटचा इतिहासही येथे आठवावा. १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स यांचा मोटारसायकल अपघातात मृत्यू झाला तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत असलेले ह्यू केर्न्स यांनी १९४१ मध्ये सैन्यातील दुचाकीस्वारांचा अभ्यास प्रसिद्ध करून शिरस्त्राणाची उपयुक्तता सिद्ध केली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. त्यापूर्वी जखमीला वडापच्या जीपमध्ये आडवे घालून न्यायची रीत होती.

या साऱ्याचा स्थानिक इतिहास लिहायचा तर साधने कोठून आणायची? वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. त्यानंतर ती रद्दीत जातात. संस्थानी दफ्तरातील अठराव्या शतकाचा कागद आपण जिवापाड जपतो आणि १९९५ मधील परिचारिकेने पहाटे तीन वाजता भरलेला तक्ता मात्र कोणाला ऐतिहासिक साधन वाटत नाही. अशा कागदांचा एकच मोठा साठा टिकण्याची शक्यता आहे, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांच्या प्रकरणांत. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी जोडलेल्या केसपेपरच्या प्रतींत या दोन जिल्ह्यांच्या वैद्यकाचा मोठा इतिहास दडलेला आहे. पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण तिकडे वळवावे.

असा एक कागद प्रस्तुत लेखकाच्या घरातच आहे. जानेवारी २००९ मध्ये मामांची मोटारसायकल रात्री ऊसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली. डोक्यावर काही नव्हते. उठून बसले, गाडी कोणी तरी घरी न्या म्हणाले, आणि मग ओकले. जीपने जवळच्या रुग्णालयात नेले. लेखक तेव्हा पदवीच्या वर्गात होता आणि रात्रभर तेथे बसून होता. एक वयस्क परिचारिका दर पंधरा मिनिटांनी येऊन मामांच्या पापण्या उचलून विजेरी मारी. मामी कळवळून म्हणाल्या, "सिस्टर, जरा निजू द्या की त्यांना." त्यावर ती म्हणाली, "ताई, आजची रात्र त्यांना निजू द्यायचं नाही."

दाव्यासाठी घेतलेली त्या तक्त्याची झेरॉक्स मामींनी शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवली होती. शाई फिकट झाली आहे, पण रकाने वाचता येतात. रात्री ११.३० : गुण १४, बाहुल्या समान, नाडी ८८. १२.४५ : गुण १३, नाडी ७६. १.३० : गुण ११, नाडी ६४, रक्तदाब १५०. २.१५ : गुण ९, उजवी बाहुली मोठी, उजेडाला मंद, नाडी ५२, रक्तदाब १८०. त्यापुढे तिरक्या अक्षरात मॅनिटॉलची मात्रा, 'डॉक्टरांना उठवले' आणि 'मोठ्या रुग्णालयात रवाना २.५०' अशा तीन नोंदी आहेत. कुशिंग यांनी बर्न येथे प्रयोगशाळेत जे पाहिले, ते या कागदावर चार ओळींत उतरलेले आहे. खाली सही आहे, नाव वाचता येत नाही. मामांच्या उजव्या कानशिलावर शस्त्रक्रियेची खूण आहे. यंदाही ते ऊस घालवायला स्वतः ट्रॅक्टरवर गेले होते, आणि ट्रॉलीच्या मागे त्यांनी लाल परावर्तक लावून घेतला आहे.